ग्रामसभा अशी घ्या की ठराव परत येणार नाही : नोटिशीपासून इतिवृत्तापर्यंत

ग्रामसभेचा ठराव पंचायत समितीतून परत आला, किंवा दोन वर्षांनी तक्रार होऊन चौकशीत उताणा पडला, की गावात पहिला संशय विरोधी गटावर जातो. कागद उघडले तर कारण फार साधे निघते. नोटीस एक दिवस कमी पडलेली असते. हजेरी वहीत सह्या सत्तर आणि इतिवृत्तात 'गणपूर्ती झाली', म्हणजे लागणारी किमान हजेरी भरली, असा शेरा असतो. ठरावात रस्ता कुठून कुठपर्यंत हेच लिहिलेले नसते. सभेच्या दिवशी जे गाजते त्याने ठराव क्वचितच बुडतो. तो बुडतो आधीच्या आठ दिवसांत नि नंतरच्या दोन दिवसांत. म्हणून या लेखातही सभेच्या दोन तासांपेक्षा त्या दिवसांवर जास्त जागा खर्च केली आहे.

हे नव्याने निवडून आलेले सरपंच, सदस्य, ग्रामसेवक यांच्यासाठी आहे, आणि ग्रामसभेत हात वर करण्याआधी कागद मागणाऱ्या गावकऱ्यांसाठीही. (ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे २०२४ च्या निर्णयानंतर 'ग्रामपंचायत अधिकारी' या एका नावाखाली आली. गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात, म्हणून इथेही तेच.) आधार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चा. गाव अनुसूचित म्हणजे आदिवासी क्षेत्रात असेल तर पेसाचे (अशा क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या केंद्रीय कायद्याचे) २०१४ चे राज्य नियम वेगळे आहेत. तिथे पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, गणपूर्तीचा हिशेबही निराळा, तेव्हा खालचे आकडे तिकडे लावू नका.

## टप्पा १ : विषय आधी चाळून घ्या

नोटीस लिहायला बसण्याआधी आलेल्या विषयांचे तीन ढीग करा.

पहिला ढीग खरोखर ग्रामसभेचा. विकास आराखडा, योजनांच्या लाभार्थ्यांची निवड, मागील वर्षाचा जमाखर्च आणि प्रशासन अहवाल, लेखापरीक्षणातले शेरे व त्यांना दिलेली उत्तरे, रोजगार हमीच्या कामांची यादी. आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे जमाखर्च, अहवाल, चालू वर्षाचा कामांचा कार्यक्रम आणि लेखापरीक्षणाची टिपणी ठेवणे कायद्यानेच सांगितले आहे. बऱ्याच गावांत जमाखर्च वाचतात आणि लेखापरीक्षणाचे शेरे गिळतात. मग कोणीतरी माहितीच्या अधिकारात ते काढतो आणि पुढच्या सभेत तेच कागद सरपंचांच्या तोंडावर येतात. त्यापेक्षा आपणच वाचलेले बरे.

दुसरा ढीग मासिक सभेचा. बिले मंजूर करणे, दाखले, शिपायाची रजा, पंपाची दुरुस्ती, कोटेशने. ही कामे सदस्यांच्या सभेची आहेत. ती ग्रामसभेत आणली की दोन तास मोटारीच्या वायंडिंगवर जातात आणि आराखडा शेवटच्या पाच मिनिटांत 'सर्वानुमते' होतो.

तिसरा ढीग कोणत्याच सभेच्या हातातला नाही, आणि सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

गायरान कुणाच्या नावे करून देण्याचा अधिकार ग्रामसभेला नाही. सार्वजनिक वापराच्या जमिनींवरील अतिक्रमणांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात जे म्हटले, त्यानंतर तर असा ठराव उलटण्याचीच शक्यता जास्त.

दारूबंदीचेही तसेच. ग्रामसभेने ठराव केला म्हणून परवान्याचे दुकान बंद होत नाही. गावातल्या महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के महिलांनी सह्यांनिशी मागणी करायची, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. त्यात एकूण महिला मतदारांच्या ५० टक्क्यांहून जास्त महिलांनी 'आडव्या बाटली'वर, म्हणजे दुकान बंद करण्याच्या चिन्हावर, शिक्का मारावा लागतो. झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण महिला मतदारांच्या. कितीतरी गावे इथेच हरतात, कारण मतदानाच्या दिवशी बायका कामावर गेलेल्या असतात. म्हणजे खरे काम ठरावाचे नाही. ते सह्या गोळा करण्याचे, आणि नंतर दारोदार जाऊन बायकांना मतदानाला आणण्याचे.

सावध : एखाद्या कुटुंबाला पाणी, किराणा, देऊळ, मयतीला जाणे बंद करा असा विषय कोणी पुढे केला तर तो नोटिशीवरही घेऊ नका. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा २०१६ चा कायदा लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. असली सभा बोलावणारा आणि ठरावाला साथ देणारा, दोघेही अडकतात.

## टप्पा २ : तारीख, वेळ, जागा

आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. कारणाशिवाय त्या न घेतल्यास सरपंचाच्या पदावर येते. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी या चार तारखा रूढ झाल्या आहेत. सोयीच्या आहेत, पण एक अडचण आहे. झेंडावंदन आठला संपते, सभा दहाला असते आणि मधल्या वेळात माणसे पांगतात. झेंडावंदनानंतर अर्ध्या तासात सभा लावा. नाहीतर सरळ संध्याकाळची वेळ घ्या.

वेळ ठरवताना शेताकडे पाहा. कोकणात भाताच्या लावणीच्या दिवसांत सकाळची सभा म्हणजे रिकामी सतरंजी. ऊसतोडीला गेलेल्या गावांत जानेवारीत निम्मे मतदार घरीच नसतात. तिथे महत्त्वाचा आराखडा ऑक्टोबरच्या सभेतच पूर्ण करावा. मे महिन्यात विदर्भात दुपारी बाराला सभा लावणाऱ्याला लोक यावेत असे वाटतच नसावे.

जागा अशी हवी की तिथे यायला गावातल्या कोणालाही संकोच वाटू नये. शाळा, समाजमंदिर, पंचायतीचे पटांगण. कोणाच्या वाड्यात, एका समाजाच्या देवळाच्या सभामंडपात, किंवा सरपंचांच्या ओट्यावर सभा घेऊ नका. गट ग्रामपंचायत असेल तर सभा आळीपाळीने वेगवेगळ्या गावांत फिरवा. लांबच्या वाडीची माणसे मुख्य गावी येत नाहीत आणि मग 'त्यांना रसच नाही' म्हणून त्यांची पाण्याची टाकी आराखड्यातून गळते.

तपासा : निवडणुकीची आचारसंहिता लागू आहे का? असेल तर तारीख ठरवण्याआधी गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी विचारून घ्या.

## टप्पा ३ : नोटीस

सात दिवस आधी नोटीस, हे सगळ्यांना पाठ असते. मोजताना चुकतात. नोटीस लावल्याचा दिवस आणि सभेचा दिवस, दोन्ही सोडून मधले सात पूर्ण दिवस धरा. म्हणजे १ मेच्या सभेची नोटीस उशिरात उशिरा २३ एप्रिलला, १५ ऑगस्टची ७ ऑगस्टला, २ ऑक्टोबरची २४ सप्टेंबरला आणि २६ जानेवारीची १८ जानेवारीला लागली पाहिजे. या चार तारखा पंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवल्या तरी अर्धे काम होते. त्यातही एक दिवस आधीच लावा. रविवार आला, ग्रामसेवकाकडे दुसऱ्या गावचा पदभार आहे, शिपाई लग्नाला गेला, यातले काहीतरी घडतेच.

नोटिशीत सभेचा प्रकार, तारीख, वार, वेळ, जागा आणि विषय हवेत. विषय मोघम लिहिले की तिथूनच पुढची भांडणे सुरू होतात. 'विकास कामांबाबत चर्चा करणे' हा विषयच नव्हे. असे लिहा :

*विषय ४ : सन २०२६-२७ च्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात घ्यावयाच्या कामांचा प्राधान्यक्रम ठरवणे.*
*विषय ५ : घरकुल योजनेच्या प्राप्त यादीचे वाचन करणे, हरकती ऐकणे व पात्र लाभार्थ्यांस मान्यता देणे.*

पाचवा विषय वाचून ज्याचे घर पडके आहे तो माणूस सभेला येईल. 'शासकीय योजनांबाबत' वाचून तो येणार नाही, आणि नंतर 'मला कळलेच नाही' म्हणेल तेव्हा त्याचे खरेच असेल.

नोटीस पंचायतीच्या फलकावर तर लागतेच. शाळा, अंगणवाडी, रेशन दुकान, दूध डेअरी, दलित वस्ती, प्रत्येक वाडी-पाडा इथेही लावा. दवंडी द्या. लाउडस्पीकरची रिक्षा फिरवली तरी चालेल, पण कोणत्या दिवशी कोणत्या गल्ल्यांत दवंडी दिली याची नोंद शिपायाच्या सहीने ठेवा. व्हॉट्सअॅपच्या गटावर जरूर टाका. मात्र ती सोय झाली, नोटीस नव्हे. गटात नसलेली माणसे गावात बरीच असतात, आणि नेमकी तीच योजनांची लाभार्थी असतात.

तपासा : प्रत्येक ठिकाणी लावलेल्या नोटिशीचा तारीख दिसणारा फोटो काढला का? दोन पंचांच्या सह्यांनिशी नोटीस लावल्याचा छोटा पंचनामा केला का? चौकशी झाली तर पहिला प्रश्न हाच येतो.

## टप्पा ४ : आधी महिला सभा

ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. हे बहुतेक ठिकाणी एका सहीच्या कागदावर उरकतात. अंगणवाडीताई घरोघर वही फिरवून सह्या आणते, सभा काही होत नाही. ग्रामसभा दुसऱ्या दिवशी असेल तर महिला सभा आदल्या दुपारी, बचत गटाच्या बैठकीला जोडून घ्या. त्यात जे ठरेल ते वेगळ्या इतिवृत्तात लिहा आणि ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर 'महिला सभेच्या ठरावांचे वाचन' हा विषय वरच्या तिघांत ठेवा. सदस्यांनी आपापल्या वॉर्डातल्या मतदारांशी आधी बसावे, तेही याच आठवड्यात उरकते.

## टप्पा ५ : कागदांची पिशवी

सभेत कुणी विचारले आणि 'ऑफिसात आहे, नंतर दाखवतो' असे उत्तर गेले, की विश्वास तिथेच संपला. आदल्या दिवशी हे सगळे एका जागी काढा : मागील इतिवृत्ताची वही, मागच्या ठरावांवर काय झाले याचा एक पानी तक्ता, चालू मतदार यादी, हजेरी वही, रोकडवही म्हणजे नमुना ५, कराच्या मागणीची नोंदवही म्हणजे नमुना ९, शेवटचा लेखापरीक्षण अहवाल, निधी आल्याची पत्रे, आणि ज्या योजनेचा विषय आहे तिचे निकष असलेला शासन निर्णय.

निधीचे पत्र कशाला? कारण कामे सुचवताना पैसा कोणत्या खात्यातला हे माहीत नसेल तर आराखडा हवेत राहतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१-२२ पासून ६० टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांसाठीच, आणि ४० टक्के अबंधित. बंधित पैशातून सभामंडप मागणारे ठराव त्या काळात ढिगाने परत गेले. आयोग बदलला की वाटणी बदलते, तेव्हा चालू वर्षाचेच पत्र सभेत वाचून दाखवा. स्वतःच्या उत्पन्नातही हात बांधलेले असतात : मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के, दिव्यांगांसाठी ५ टक्के. हे आकडे फळ्यावर लिहून मग विचारा की उरलेल्यात काय करायचे. चर्चा लगेच जमिनीवर येते.

## टप्पा ६ : हजेरी आणि गणपूर्ती

एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी ती गणपूर्ती. ४२० मतदार असतील तर ६३. ५४० असतील तर ८१. मतदार ६६७ किंवा त्याहून जास्त झाले की आकडा १०० वर थांबतो. १,८०० मतदारांच्या गावालाही १००च लागतात. 'आमचे गाव मोठे, आम्हाला पावणेतीनशे लागतील' म्हणून सभा तहकूब करणारेही आहेत, आणि पन्नास माणसांत उरकणारेही.

मोजायचे कोणाला? त्या ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत नाव असलेल्यांनाच. गणपतीला आलेला, मुंबईत मतदार असलेला चाकरमानी सभेत बसू शकतो, अध्यक्षांच्या परवानगीने बोलूही शकतो, पण त्याचा हात मोजायचा नाही. शेजारच्या गावचा ठेकेदार, सासुरवाडीला आलेला जावई, सतरा वर्षांचा उत्साही मुलगा, यांचेही तसेच. म्हणून हजेरी वहीत नावासमोर मतदार यादीतला अनुक्रमांक लिहून घ्या. दारात दोन टेबले मांडा, एक स्त्रियांसाठी, एक पुरुषांसाठी. यादी समोर धरून सही घ्या. सही येत नसेल तर अंगठा, आणि अंगठा कोणाचा ते शेजारी लिहा. वेळ लागतो, मान्य. पण सभा संपल्यावर वही फिरवून सह्या गोळा करण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यामुळेच मयत माणसांच्या सह्या सापडतात.

सभा सुरू होण्याआधी आकडा मोठ्याने जाहीर करा : एकूण मतदार इतके, आवश्यक इतके, हजर स्त्रिया इतक्या, पुरुष इतके. हेच आकडे इतिवृत्ताच्या पहिल्या परिच्छेदात जातील.

गणपूर्ती झाली नाही तर : ठरलेल्या वेळेनंतर थोडी वाट पाहा आणि सभा तहकूब झाल्याचे हजर लोकांसमोर जाहीर करा. पुढची तारीख, वेळ, जागा तिथेच सांगा, वहीत लिहा, अध्यक्षांची सही घ्या. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही. मात्र तिच्यात जुन्याच विषयपत्रिकेवरचे विषय घ्यायचे, नवा एकही नाही. अर्धा तास थांबून त्याच मांडवात 'तहकूब सभा' उरकण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. कागद तपासणाऱ्याला ती खटकते, आणि खटकायलाच हवी. वेगळी तारीख द्या, नोटीस पुन्हा लावा. आणि ही सवलत गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेपुरतीच धरा. गोंधळामुळे थांबलेली सभा पुन्हा भरवताना हजेरी नव्याने मोजलेली बरी.

## टप्पा ७ : सभा चालवणे

खुर्ची सरपंचांची, ते नसतील तर उपसरपंचांची. सरपंच बाई असतील तर त्यांचे पती मतदार म्हणून सतरंजीवर बसतील. खुर्चीशेजारी नाही, माइकवर नाही. सचिवाने, म्हणजे ग्रामसेवकाने, हे सभेआधी शांतपणे सांगून टाकावे. सभेत सांगायची वेळ आली की भांडण होते.

क्रम असा ठेवा. मागील इतिवृत्ताचे वाचन, लगेच मागच्या ठरावांची अंमलबजावणी, मग महिला सभेचे ठराव, जमाखर्च, त्यानंतर आराखडा व लाभार्थी निवड, शेवटी अर्ज आणि ऐनवेळचे विषय. लाभार्थी निवड अगदी शेवटी ढकलू नका. माणसे त्याच विषयासाठी थांबतात हे खरे, पण शेवटी ती कंटाळलेली आणि चिडलेली असतात. बायका तर स्वयंपाकाची वेळ झाली म्हणून निघून गेलेल्या असतात. मधोमध घेतली तर ऐकायला सगळे असतात आणि वेळही हातात असतो.

लाभार्थी निवडताना आधी निकष वाचा, मग नावे. प्रत्येक नावापुढे थांबा : 'हरकत आहे का?' हरकत आली तर कोणाची, काय, हे लिहा. निर्णय त्याच जागी शक्य नसेल तर 'पडताळणीसाठी राखून' असे त्या एका नावापुरते लिहून पुढे जा. एका नावासाठी पूर्ण यादी अडवू नका. सदस्याचे किंवा सरपंचांचे सख्खे नातेवाईक यादीत असतील तर ते नाते स्वतःहून सांगून टाका आणि त्या नावापुरते बोलू नका. पात्र माणसाला नात्यामुळे वगळणेही चूकच, पण लपवलेले नाते बाहेर आले की पात्र माणूसही संशयात जातो.

ऐनवेळच्या विषयांची लांबलचक शेपटी ही आपल्या ग्रामसभांची जुनी खोड. साधा नियम करा : ज्यात पैसा आहे, जमीन आहे, किंवा कुणाचे नाव घालायचे-काढायचे आहे, तो विषय ऐनवेळी मंजूर करायचा नाही. चर्चा करा आणि 'पुढील सभेच्या नोटिशीवर घ्यावा' इतकेच लिहा. अभिनंदनाचे ठराव ऐनवेळी घ्यायला हरकत नाही, पण तीनच्या वर गेले की थांबवा.

गोंधळ झाला तर अध्यक्षांनी उठून निघून जाऊ नये. निघून गेले की मागे राहिलेले आपली सभा भरवतात, दुसरे इतिवृत्त लिहितात, आणि मग एका सभेची दोन इतिवृत्ते वर्षभर पंचायत समितीत भांडत बसतात. सभा थांबवायचीच असेल तर कारण आणि पुढची तारीख माइकवर सांगा, वहीत लिहा, मग उठा.

सावध : 'सर्वानुमते' हा शब्द सवयीने वापरू नका. सात जणांनी विरोध केला असेल तर हात मोजा आणि 'बाजूने ९४, विरोधी ७' असे लिहा. विरोध नोंदवलेला ठराव जास्त टिकतो. कारण विरोधकालाच उद्या 'मला बोलू दिले नाही' म्हणता येत नाही.

## टप्पा ८ : ठरावाचे शब्द

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नेहमी दिसणारा ठराव असा असतो :

*'रस्त्याच्या विषयावर सविस्तर चर्चा झाली व सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.'*

कुठला रस्ता? किती? पैसा कोणता? कोणी करायचे? हा ठराव वाचून कनिष्ठ अभियंता एस्टिमेट करू शकत नाही, आणि उद्या रस्ता भलत्याच गल्लीत झाला तरी तुम्हाला बोट दाखवता येत नाही. त्याऐवजी :

*'ठराव क्र. ७. वॉर्ड क्र. २ मधील जिल्हा परिषद शाळेच्या फाटकापासून सार्वजनिक विहिरीपर्यंत अंदाजे १८० मीटर लांबीचा सिमेंट काँक्रीट रस्ता व एका बाजूस गटार हे काम चालू वर्षाच्या आराखड्यात प्राधान्यक्रम १ वर घेण्यात यावे. खर्च अबंधित निधीतून भागवावा. अंदाजपत्रक व तांत्रिक मान्यतेचा प्रस्ताव ग्रामसेवक यांनी ३० जूनपर्यंत पंचायत समितीस सादर करावा. सूचक : —, अनुमोदक : —. बाजूने ९४, विरोधी ७. ठराव मंजूर.'*

काय, कुठे, किती, कोणत्या पैशातून, कोणी, कधीपर्यंत. यातले एक जरी गळले तरी ठराव लंगडा. लाभार्थ्यांची यादी असेल तर नावे ठरावातच लिहा. 'यादी सोबत जोडली आहे' असे लिहिणार असाल तर यादीच्या प्रत्येक पानावर अध्यक्ष आणि सचिव दोघांची सही, आणि शेवटच्या नावाखाली आडवी रेघ. रेघ नसली की यादी रात्रीत लांबते.

सामाजिक विषयावरच्या ठरावालाही हेच लागू. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध जो ठराव केला, तो 'अनिष्ट रूढी बंद कराव्यात' अशा गुळमुळीत भाषेत नव्हता. कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे अशा कृतीच त्यात नावानिशी होत्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन करणारे परिपत्रक काढले. कृती नावानिशी असली की दुसऱ्या गावाला तो ठराव उचलता येतो आणि आपल्या गावाला तो पाळला की नाही हे पाहता येते.

ठराव सभेतच लिहा आणि सभेतच वाचून दाखवा. 'मुद्दे घेतलेत, शब्द नंतर बसवू' इथे खरा घोटाळा होतो.

## टप्पा ९ : इतिवृत्त

वही शिवलेली, पाने आधीच क्रमांकित. सुटी पाने नकोत, मधे कोरी जागा नको. कोरी जागा राहिलीच तर तिरकी रेघ मारून सही. खाडाखोड करायची असेल तर एक रेघ मारून वर नवे लिहा आणि बाजूला सही करा. पांढरा रंग लावलेले इतिवृत्त पाहिले की चौकशी अधिकारी पुढचे काही वाचायच्या आधीच मत बनवतो.

लिहिण्याचे काम ग्रामसेवकाचे. ते गैरहजर असतील तर अध्यक्षांच्या सांगण्यावरून गावातले शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका लिहू शकतात. पण तसे कोणाला सांगितले हे इतिवृत्ताच्या सुरुवातीला येऊ द्या. शेवटच्या ठरावाखाली लगेच सभा संपल्याची वेळ, अध्यक्ष व सचिवाची सही. त्याच दिवशी.

सभेचे चित्रीकरण ठेवा. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये 'सभासार' हे साधन आणले. ते ध्वनिचित्रफितीवरून इतिवृत्ताचा मसुदा करून देते. मदत म्हणून ठीक आहे. पण दहा जण एकदम बोलणारी आपली सभा, त्यात वऱ्हाडी नाहीतर मालवणी. आकडे आणि नावे हातानेच तपासा. वहीत उतरून सही झाल्याशिवाय तो मसुदा इतिवृत्त होत नाही.

तपासा : हजेरी वहीतला एकूण आकडा, जाहीर केलेला आकडा आणि इतिवृत्तातला आकडा एकच आहे का? मतदानाची बेरीज हजेरीपेक्षा जास्त तर होत नाही ना? हसू नका, होते.

## टप्पा १० : सभा संपल्यावरचे दोन दिवस

दुसऱ्या दिवशी ठरावांची यादी, नुसते क्रमांक आणि एकेक ओळ, फलकावर लावा. इतिवृत्ताची प्रत पंचायत समितीला पाठवा आणि पोच घ्या. पोच नसेल तर पाठवलेच नाही असे धरले जाते. आराखड्यातली कामे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवताना कामाचे नाव ठरावातल्या शब्दांतच टाका. ठरावात 'शाळा ते विहीर', पोर्टलवर 'अंतर्गत रस्ता वॉर्ड २' असे झाले की लेखापरीक्षणात दोन वेगळी कामे दिसतात आणि शेरा पडतो.

मग एक तक्ता करा : ठराव क्रमांक, कोणी करायचे, कधीपर्यंत, आज कुठे आहे. दर मासिक सभेत तो पाच मिनिटे वाचा. पुढच्या ग्रामसभेत दुसऱ्या विषयाला हाच तक्ता वाचायचा आहे, त्यामुळे वेगळी तयारी लागत नाही.

गावकऱ्यांसाठी : ठरावाची प्रत हवी असेल तर आधी पंचायतीत साधा लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. न मिळाल्यास माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करा. ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. अर्जात 'ग्रामसभेची सर्व माहिती' असे लिहू नका. सभेची तारीख टाका आणि नोटीस, हजेरी वहीची पाने, इतिवृत्त, दवंडीची नोंद अशा चार वेगळ्या ओळींत मागा. या चार कागदांवरच्या तारखा आणि आकडे एकमेकांशी जुळतात की नाही, हे घरी बसून अर्ध्या तासात कळते.